हात मागे बांधून बसलेल्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. बस सुटायची घाई, 31 पोरं मोजायची, त्यात एकाची चप्पल सापडेना. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोरच लिहितोय. करमाळा तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा मागच्या महिन्यात पुणे विद्यापीठाच्या आवारात, आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, म्हणजे मुलांच्या विज्ञान केंद्रात, आली होती. ज्या मुलीची मोटर फिरत नव्हती, तिचा मी गुरुजी.

टॉर्चचा सेल, सायकलच्या ट्यूबचं रबर, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. सगळ्यांच्या मोटरी भिरभिरायला लागल्या, तिची नुसती थरथरून थांबायची. सातवीत आहे ती. आईवडील ऊसतोडीला गेले की आजीजवळ राहते, वर्गात कधी तोंड उघडत नाही. मी तिच्या हातातून मोटर घेणारच होतो. तेवढ्यात तुम्ही तिच्यासमोर फरशीवर मांडी घातलीत आणि दोन्ही हात पाठीमागे बांधलेत. "टोकं बघ बरं नीट," एवढंच म्हणालात.

बाकीची पोरं डबे सोडायला उठली, तुम्ही हलला नाहीत. तिनं स्वतःच्या तारेची टोकं बोटांत फिरवून बघितली, मग मैत्रिणीची. हिनं दोन्ही टोकांवरचं वार्निश पार खरवडून टाकलं होतं. एका टोकाची एक बाजू तशीच ठेवायची असते. त्यामुळे अर्धा फेरा वीज तुटते आणि वेटोळं मागं न ओढलं जाता आपल्या वेगानं पुढं जातं. "दुसरी तार द्या," ती म्हणाली. वर्षभरात तिचा आवाज मी नीट ऐकला तो तेव्हा.

मला राहून राहून ते मागे बांधलेले हातच आठवतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही माणशी पैसे भरून एका नावाजलेल्या ठिकाणी पोरं नेली होती. जिथं तिथं 'हात लावू नये'च्या पाट्या. एकानं बटण दाबलं तर तिथला माणूस खेकसला, "कधी बघितलं नाही का काही?" नव्हतंच बघितलं, म्हणून तर आणलं होतं. ते पोरगं घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होतं. मी त्या माणसाला तेव्हा काही बोललो नाही, ते अजून सलतं.

परतीच्या वाटेवर मी पोरांना आयुकाचे संस्थापक, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांबद्दल सांगितलं. 1988 साली आयुका सुरू झाली ती विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी, तरी सरांनी शाळकरी मुलांना दार उघडं ठेवलं. दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं, उन्हाळ्याच्या सुट्टीत शास्त्रज्ञांच्या हाताखाली एक आठवडा. सही मागायला आलेल्या मुलांना ते म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. पुढं पु. ल. देशपांड्यांच्या नावानं मिळालेल्या देणगीतून तुमची वास्तू उभी राहिली. तिला सप्तर्षींतल्या ताऱ्याचं नाव दिलं, पुलस्त्य. 2003 पासून 11 वर्षं अरविंद गुप्ता तिथं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत आणि पोरांकडून करून घेत राहिले. 20 मे 2025 ला नारळीकर सर गेले, तेव्हा मी फार हळहळलो होतो. वाटलं, पोस्टकार्डाचा तो काळ सरला. परवा तुम्हाला फरशीवर बसलेलं बघितलं आणि मनाला धीर आला. पोराच्या प्रश्नाला मान द्यायची ती रीत तुमच्याकडं नीट पोचली आहे.

मी 22 वर्षं शिकवतोय. पोर अडलं की माझा हात आपोआप पुढं जातो, उत्तर तोंडातून निसटतं. पोराला वेळ देणारी, त्याच्यावर विश्वास टाकून गप्प बसणारी माणसं या जगात आहेत, हे बघून फार बरं वाटलं, ताई. तुमच्यासारख्यांमुळेच आमची पोरं शहरातून मान वर करून परत येतात.

तिनं तुमच्यासाठी पोस्टकार्ड लिहिलंय, वेगळं टाकतो आहे. विचारलंय, "सेल उलटा लावला तर मोटर उलटी फिरते का?" मी उत्तर सांगितलेलं नाही. सेल तिच्याकडंच आहे.

तुमचा कृतज्ञ,
एक प्राथमिक शिक्षक