तीन तासांच्या परीक्षेत न दिसणारा विद्यार्थी

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की ओळखीचे पालक मला हमखास विचारतात, "सर, कॉलेजवाले मुलांत नेमकं बघतात तरी काय?" कोल्हापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी बावीस वर्षे प्रथम वर्षाला भौतिकशास्त्र शिकवतो. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर एका शब्दात संपते, आणि तो शब्द म्हणजे पर्सेंटाइल, म्हणजे प्रवेश परीक्षेत शंभरातले किती विद्यार्थी तुमच्या मागे आहेत हे सांगणारा आकडा. केंद्रीभूत प्रवेश फेरीतून आमच्याकडे यादी येते आणि यादीतला मुलगा पहिल्या तासाला वर्गात बसतो, तेव्हाच आम्ही त्याला प्रथम पाहतो.

एमएचटी-सीईटी या राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत तीन तासांत दीडशे बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात. अभियांत्रिकीसाठी बारावीच्या संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला 45 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के मिळाले की पात्रता पूर्ण होते. त्यापुढचे गुण गुणवत्ता यादीत जवळजवळ निरुपयोगी ठरतात. साहजिकच मुले नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात घालतात आणि दिवसभर क्लासमध्ये बसतात. बारावीच्या भौतिकशास्त्रात 70 गुण लेखी परीक्षेला आणि 30 प्रात्यक्षिकाला आहेत. हे तीस गुण अनेक ठिकाणी कसे सरसकट वाटले जातात, हे आम्हा शिक्षकांपैकी कोणापासूनही लपलेले नाही.

त्याचा परिणाम मला दरवर्षी पहिल्याच प्रात्यक्षिकात दिसतो. गेल्या वर्षी उत्तम पर्सेंटाइल असलेल्या एका मुलाच्या हाती स्क्रू गेज दिला, तेव्हा तारेची जाडी मोजण्यापूर्वी शून्य त्रुटी, म्हणजे उपकरण रिकामे असताना शून्यच दाखवते का, हे पाहावे लागते हे त्याला ठाऊक नव्हते. त्रुटीच्या दुरुस्तीचे सूत्र मात्र त्याला तोंडपाठ होते. त्याच गटात राधानगरी तालुक्यातला, यादीत बराच खाली असलेला एक मुलगा होता. घनतेचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "सर, आमच्या डेअरीत थंड दुधात लॅक्टोमीटर जास्त वर राहतो, म्हणून तापमान बघून डिग्री दुरुस्त करावी लागते." लॅक्टोमीटर म्हणजे दुधात तरंगवून त्याची घनता मोजायचे उपकरण; गावच्या दूध संस्थेत पहाटे दूध मोजायला बसून तो हे शिकला होता. ज्या जाणिवेवर सारे अभियांत्रिकी शिक्षण उभे राहते, ती त्याच्याकडे आधीपासूनच होती. पण आमच्या प्रवेशपद्धतीत ती नोंदवायला एक रकानाही नाही.

यावर काही जण अमेरिकेचा दाखला देतात. तिथल्या निवडक विद्यापीठांत निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि अभ्यासेतर उपक्रम पाहिले जातात, हे खरे आहे. मात्र तिथेही सर्वांत अगोदर पाहिली जाते ती नववी ते बारावी या चार वर्षांची गुणपत्रिका, आणि विद्यार्थ्याने झेपतील तेवढे कठीण विषय घेतले होते की नाही ही गोष्ट. बाकीचे त्यानंतर येते. निबंध आणि शिफारसपत्रे आपल्याकडे जशीच्या तशी आणावीत, असे मला मुळीच वाटत नाही. ज्या शहरात राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून वसतिगृहे उभारून खेड्यातल्या मुलांना शिक्षणाचे दार उघडले, तिथे प्रवेशासाठी कोणाच्या तरी पत्राची गरज निर्माण झाली, तर शाहूवाडी किंवा गगनबावड्याहून एसटीने येणाऱ्या मुलाचे सर्वांत आधी नुकसान होईल. निबंध लिहून देणारे क्लासही लगेच उघडतील. गुणांचा आकडा कोरडा असतो, पण तो वशिला मानत नाही, आणि ही त्याची बाजू मी कधीच सोडणार नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की तो आकडा अधिक खरा व्हावा. गुणवत्ता यादीत बारावीच्या गुणांना ठरावीक वाटा द्यावा आणि त्यातील प्रात्यक्षिकाचे गुण दुसऱ्या तालुक्यातून आलेल्या परीक्षकाने, मुलाच्या हाती उपकरण देऊन, स्वतः पाहून द्यावेत. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेतील 'अ' श्रेणीसाठी दहावीला सात वाढीव गुण मिळतात. हाताच्या कौशल्याला तिथे मोल देता येते, तर स्क्रू गेज धरणाऱ्या हाताला ते का देता येऊ नये?

पालकांनाही एक विनंती आहे. अकरावीसाठी महाविद्यालय निवडताना निकालाचे फलक पाहाच, पण एकदा तिथली प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा. तराजूवर धूळ आहे का ते पाहा, आणि मागच्या वर्षीच्या जर्नलमधले आकडे सगळ्या मुलांचे सारखेच आहेत का, तेही तपासा. बारावीची प्रात्यक्षिके फेब्रुवारीच्या सुमारास होतात. आज अकरावीत पाऊल टाकणाऱ्या मुलाच्या हाती त्याआधी दीड वर्षाहून अधिक काळ आहे.

आपला,
अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाचा एक शिक्षक,
राजारामपुरी, कोल्हापूर