किती खातो आणि किती वेळा खातो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या वाढत्या वजनावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मैदान, मोबाइल, झोप, जेवणाच्या वेळा, सगळ्याची दखल त्यात आहे. दातांचा मात्र एका ओळीतही उल्लेख नाही. माझी बावीस वर्षं लहान मुलांचे दात तपासण्यात गेली, त्यामुळे मला ते खटकणारच, असं कुणी म्हटलं तरी हरकत नाही.

दोन महिन्यांपूर्वी नऊ वर्षांचा एक मुलगा दाढेचा ठणका घेऊन आला. वजन वयाच्या मानाने बरंच जास्त. आई म्हणाली, "डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय, म्हणून रात्रीचं जेवण निम्मं केलंय." मी विचारलं, दोन जेवणांच्या मध्ये काय असतं? हळूहळू यादी बाहेर आली. शाळेत जाताना फळांच्या रसाचं खोकं, अभ्यासाला बसला की बिस्किटं, खेळून आला की पुन्हा रस, झोपताना साखर घातलेलं दूध. "नीट जेवत नाही ना, मग निदान एवढं तरी." वजन पाहणाऱ्यांनी तो किती खातो हे विचारलं होतं. किती वेळा खातो, हे कुणी विचारलं नव्हतं. दातांच्या बाबतीत मात्र सगळं या दुसऱ्या प्रश्नावरच येऊन थांबतं.

तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच (आम्लतेचं माप, जितकं कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या वरच्या कठीण थरातून, म्हणजे एनॅमलमधून, खनिजं निघून जायला लागतात. गोड खाल्ल्यावर हे काही मिनिटांतच होतं. मग लाळ कामाला लागते. आम्ल निवळवते, गेलेली खनिजं थोडीफार परत बसवते. याला तिला अर्धा तास तरी हवा, कधी जास्तही. रसाचं एक खोकं मुलाने जेवणासोबत पाच मिनिटांत संपवलं तर दातावर एक घाव बसतो. तेच खोकं तो तासभर घोट घोट घेत राहिला तर लाळेला उसंतच मिळत नाही. पोटात गेलेली साखर दोन्ही वेळी तेवढीच. वजनाच्या काट्याला हा फरक कळत नाही, दाताला कळतो.

ही गोष्ट नवी नाही. १९४० च्या दशकात स्वीडनमधल्या विपेहोल्म इथे ती प्रयोगाने दाखवली गेली. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खायला दिलेल्यांचे दात झपाट्याने किडले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांत कीड फारशी वाढली नाही. प्रयोग झाला तो बौद्धिक अपंगत्व असलेल्या, संस्थेत ठेवलेल्या माणसांवर, त्यांची संमती न घेता. आम्ही दंतवैद्य हे ज्ञान रोज वापरतो आणि ते कुणाच्या दातांवर मिळालं हे सहसा सांगत नाही.

आता एक कबुली. 'जाड मूल म्हणजे किडके दात' असं समीकरण मांडता येत नाही. काही पाहण्यांत लठ्ठ मुलांमध्ये कीड जास्त आढळते, काहींत काहीच संबंध दिसत नाही, आणि काहींत तर हडकुळ्या मुलांचेच दात जास्त किडलेले निघतात. मला त्यात विसंगती वाटत नाही. फ्लोराइडच्या पेस्टने दोन वेळा नीट दात घासणाऱ्या मुलाचे दात बरेचसे वाचतात, पण पेस्टने कॅलरी धुतल्या जात नाहीत. म्हणजे चांगले दात पाहून आहारही चांगला असेल असं समजणं ही फसगत. उलट ज्याच्या चार-पाच दाढा ठणकताहेत तो जेवायलाच घाबरतो, झोपत नाही, त्याचं वजन वाढायचं थांबतं. अशा मुलांचे दात दुरुस्त केल्यावर वजन भरून निघताना मी पाहिलं आहे.

माझ्याकडे आलेला मुलगा मात्र तिसऱ्याच वाटेने गेला होता. तो एकाच बाजूने चावत होता. चावायला लागणारं सगळं ताटात उरायचं आणि मऊ, गोड, पटकन गिळता येणारं पोटात जायचं. कीड आधी की वजन आधी, हे त्याच्या बाबतीत मला सांगता येणार नाही.

त्याची दाढ दुधाची नव्हती. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्या जागी आधीचा दात पडलेला नसतो, त्यामुळे ती आली हेच घरात कळत नाही. "पडणारच आहे ना ही?" आईने विचारलं. नाही, ही जन्माची. लठ्ठ मुलांमध्ये कायमचे दात थोडे लवकर येतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे हात नीट चालायच्या आधीच घासायचे दात वाढतात. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हातात ब्रश देऊन मोकळं होणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावं.

साखर नसलेली शीतपेयं हा आणखी एक चकवा. वजनाला ती बरी म्हणावीत तर त्यांच्यातलं आम्ल एनॅमलची झीज करतंच.

यावर 'जनजागृती' हे उत्तर ऐकून मी थकले आहे. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅम किंवा जास्त साखर असलेल्या शीतपेयांवर कर लावला. कंपन्यांनी पेयांतली साखर मुकाट्याने उतरवली. पुढे इंग्लंडमधल्या आकडेवारीच्या अभ्यासात १०-११ वर्षांच्या मुलींमधला लठ्ठपणा अपेक्षेपेक्षा ८ टक्क्यांनी कमी दिसला (मुलग्यांत नाही, हेही सांगायला हवं), आणि किडीमुळे दात काढायला रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांचं प्रमाण १२ टक्क्यांनी कमी. याचं सगळं श्रेय कराला देता येईलच असं नाही. पण वजन आणि दात या दोन्हींची दखल एकाच उपायाच्या हिशेबात घेतली गेली, हे मला महत्त्वाचं वाटतं. आमच्या तपासणीच्या खोल्यांत तसं होत नाही. मीही कित्येक वर्षं मुलाच्या वजनाबद्दल चकार शब्द काढत नव्हते. मूल हिरमुसतं, पालक दुखावतात. आता वजनाचं नावच काढत नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत काय, किती वाजता, एवढंच कागदावर लिहून आणायला सांगते. तोच कागद बालरोगतज्ज्ञांनाही दाखवा म्हणते.

शेवटी आपल्या पानाविषयी. त्या लेखाखाली अर्धं पान जाहिरात होती: 'वरून साखर न घातलेला' फळांचा रस आणि तो पिणारा गुटगुटीत मुलगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार मोकळी साखर (वरून घातलेली किंवा मध, सरबतांत असते ती) रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, जमल्यास ५ टक्क्यांच्या. मोठ्या माणसाला ५ टक्के म्हणजे जेमतेम २५ ग्रॅम, लहान मुलाला त्याहूनही कमी. या मोकळ्या साखरेत फळांच्या रसातली साखरही मोजली जाते. २०० मिलिलिटरच्या एका खोक्यात ती २० ग्रॅमच्या आसपास असते. जाहिराती घेऊ नका असं मी म्हणणार नाही, वर्तमानपत्र कशावर चालतं हे मला ठाऊक आहे. निदान हा लेख आणि ती जाहिरात पुढच्या वेळी एकाच पानावर येऊ देऊ नका.

आपली,
एक वाचक (बालदंतवैद्य)