टोला द्यायच्या आधी थांबायला शिकवलंत, त्याबद्दल

आदरणीय ताई,

सिंगिंग बाऊल, म्हणजे टोला देऊन किंवा काठ घासून वाजवायचा काशाचा वाडगा, कसा वाजवायचा हे शिकवणारे पुष्कळ आहेत. कुठला बाऊल कुठल्या चक्राचा हे सांगणारे त्याहून जास्त. तुम्ही आम्हाला कमी वाजवायला शिकवलंत. हे पत्र उघड लिहितोय, कारण तुम्ही दिलेलं इतर सराव करणाऱ्यांनाही हवं आहे.

सर्वांत मोठं ऋण पहिल्या टोल्याचं. अचानक मोठा आवाज कानावर पडला की विचार सुरू व्हायच्या आत पापण्या मिटतात, मान-खांदे आवळतात, नाडी वाढते. ज्याला शांत करायला बसवलं त्याचीच सिंपथेटिक यंत्रणा, म्हणजे शरीराला धोक्यासाठी सज्ज करणारी मज्जासंस्था, आपण जागी करतो, आणि मग पुढची काही मिनिटं तो धक्का उतरवण्यात जातात. म्हणून तुमचा नियम: पहिल्या टोल्याला लोकरी किंवा फेल्टची मऊ मॅलेट (टोला द्यायची दांडी), बाऊल डोक्यापासून निदान २ मीटर लांब, टोला काठाच्या जरा खाली बाहेरच्या भिंतीवर आणि इतका हलका की आवाज कधी सुरू झाला ते कळू नये. टोला येणार हे आधी तोंडाने सांगायचं. लाकडी मॅलेट थेट काठावर मारली की ‘टण्’ असा जो कडक आवाज निघतो, तो मज्जासंस्थेला नकोच असतो.

आणि दुसरा टोला? पहिला पूर्ण विरल्यावरच. चांगल्या बाऊलचा आवाज सहज ४० सेकंद ते मिनिटभर टिकतो. तो विरत जाताना ऐकणाऱ्याचं लक्ष त्याच्यामागे जातं, श्वास सोडणं लांबतं. सोडलेल्या श्वासात व्हेगस नर्व्हचा, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या शांतवणाऱ्या नसेचा, हृदयावरचा लगाम घट्ट होतो आणि ठोके मंदावतात. घेतलेल्या श्वासात तो सैल होतो. ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला ६ श्वास, या गतीला रक्तदाब आणि ठोके एकमेकांशी चांगले जुळतात. घाईने टोल्यावर टोला दिला तर ही जागाच उरत नाही. पण श्वासाकडे लक्ष दिलं की ज्यांची छाती दडपते, त्यांना श्वास मोजायला लावू नका हेही तुम्हीच बजावलंत. त्यांनी तळपायाखालची जमीन जाणवून घ्यावी, डोळे उघडे ठेवावेत, एवढं पुरे.

बाऊल घासून, म्हणजे मॅलेट काठावरून फिरवत, वाजवताना तो खडखडतो याचं कारण आम्हाला इतक्या नेमकेपणाने कुणी सांगितलं नव्हतं. मॅलेट काठाला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते, त्यातून स्वर उभा राहतो. हात जोरात फिरवला किंवा दाब कमी पडला की थरथरणारा काठ मॅलेटला उडवतो, तीच ती खडखड. उपाय वेग कमी करणं, दाब सारखा ठेवणं, मनगट न वळवता कोपरापासून पूर्ण हात फिरवणं. आधी एक हलका टोला देऊन मग घासायला घेतलं तर स्वर लवकर धरतो. बाऊल धरलेला तळहात सपाट, बोटं बाऊलच्या भिंतीला लागता कामा नयेत. एक बोट टेकलं तरी आवाज मरतो. चामडं लावलेल्या मॅलेटने खालचा स्वर येतो, नुसत्या लाकडाने वरचे स्वर पुढे येतात.

काशात मुख्यतः तांबं आणि कथील असतं, साधारण ७८ आणि २२ टक्क्यांच्या आसपास. बाऊल सात धातूंचा असतो या कथेवर तुम्ही वेळ घालवला नाहीत, त्याऐवजी बाऊल फिरवून दाखवलात. हाताने ठोकलेला बाऊल अगदी गोल नसतो, म्हणून त्याचा एकच स्वर दोन जवळच्या स्वरांत फुटतो. समजा २२० आणि २२३ हर्ट्झ. मग आवाज सेकंदाला ३ वेळा लहान-मोठा होतो. बाऊल उशीवर थोडा थोडा फिरवत टोला दिला तर काही जागी ही लाट ठळक होते, काही जागी जवळजवळ नाहीशी. घाबरलेल्या माणसासाठी लाट नसलेली जागा घ्यायची, बाऊलच्या तळाशी तशी खूण करून ठेवायची. भिंतीवर चिकटपट्टी लावायची नाही, तिने आवाज बसतो. फार थोड्यांना हे माहीत आहे! या लाटेबरोबर मेंदूच्या लहरी आपोआप चालू लागतात, हे वाक्य मात्र तुमच्या तोंडून कधी आलं नाही.

पुराव्याबाबतही तुमचा हात असाच राखून होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५१ जणांनी विश्रांतीच्या सरावाआधी १२ मिनिटं एकदा बाऊल ऐकला, एकदा शांतता; बाऊलनंतर वरचा रक्तदाब आणि नाडी जास्त उतरली. २०१७ च्या ६२ जणांच्या अभ्यासात ताण आणि थकवा कमी झाला, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. एवढ्यावर ‘आजार बरा होतो’ म्हणायचं नाही, कुणाची औषधं थांबवायची नाहीत, हे तुम्ही ठामपणे सांगत आलात.

तुमचा प्रश्नांचा कागद आम्ही प्रत्येकाला वाजवण्याआधी देतो: पेसमेकर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, अपस्मार, मायग्रेन, कानात आवाज येणं, आवाज सहन न होणं. यातलं काही असेल तर अंगावर बाऊल ठेवायचा नाही, आवश्यक तिथे आधी डॉक्टरांना विचारायचं. ऐकणाऱ्याने हात वर केला की वादन तिथल्या तिथे थांबणार, ही ओळ सर्वांत वर आहे.

त्यात आम्ही एक प्रश्न वाढवला आहे: श्रवणयंत्र वापरता का? लांब, सरळ स्वराला काही यंत्रं स्वतःचीच शिट्टी समजतात, ती दाबायला जातात आणि ऐकणाऱ्याला स्वर थरथरता, बेसूर येतो. अशा वेळी संगीतासाठीचं सेटिंग लावावं किंवा चालत असेल तर यंत्र काढून बसावं, असं लिहिलं आहे. कागद सोबत जोडलाय. नजरेखालून घालून कळवाल का?

तुमचे ऋणी,
सरावगटातले सगळे