सुलभाताईंची ओळख दोन ओळींत संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी रंगभूमीवरून पडद्यावर गेलेल्या अभिनेत्रींवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख मेहनतीने लिहिला आहे, जुनी छायाचित्रेही छान निवडली आहेत. पण सुलभा देशपांडे यांच्या वाट्याला त्यात जेमतेम दोन ओळी आल्या आहेत आणि त्यातही 'इंग्लिश विंग्लिश'मधली समंजस सासू एवढीच त्यांची ओळख दिली आहे. वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबेल. जागेअभावी काटछाट करावी लागली तर छबिलदास सभागृहाचा आणि चंद्रशाळा या बालविभागाचा भाग तेवढा शाबूत ठेवावा, ही विनंती.

सासूची ती भूमिका त्यांनी केली ती वयाच्या पंचाहत्तरीत, २०१२ साली. तिच्यामागे जवळपास अर्धशतकाचे काम उभे होते. त्याची सुरुवात कुठे झाली हे सांगितल्याशिवाय त्या सासूचा साधेपणाही नीट कळत नाही.

सुलभाताईंचा जन्म १९३७चा, मुंबईतला. त्या मूळच्या शाळामास्तरीण. दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेत त्या शिकवत. शाळेच्या स्नेहसंमेलनाला मुलांकडून काहीतरी चांगले करून घ्यायचे, त्यासाठी नाटके हवीत, तर ती कुणाला लिहायला सांगायची? त्यांनी विजय तेंडुलकरांना गाठले. तेंडुलकरांच्या बालनाट्यांमागे या बाईंचा तगादा आहे, हे आज किती जणांना ठाऊक असेल? विजया मेहता, तेंडुलकर, श्रीराम लागू, अरविंद देशपांडे ही मंडळी 'रंगायन' या प्रायोगिक नाट्यसंस्थेत एकत्र आली होती, सुलभाताईही त्यांच्यातल्याच झाल्या. अरविंद देशपांड्यांशी त्यांचा संसार झाला आणि नाटक घरातच आले.

मग १९६७ साली तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक आले. दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचे आणि नायिका लीला बेणारे सुलभाताईंची. बेणारेही शाळेत शिकवणारी, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. मी स्वतः हयातभर प्राथमिक शाळेत शिकवले आहे, त्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगू शकते. वर्गावर उभे राहणाऱ्या बाईचा आवाज वेगळा असतो. तो मोठा नसतो, पण शेवटच्या बाकापर्यंत जातो. बोलताना तिची नजर सगळ्या वर्गावरून फिरत असते आणि एखाद्या व्रात्य पोरावर क्षणभर थांबते. सुरुवातीची बेणारे अशीच बोलते. खट्याळ, बडबडी, कुणाचीही फिरकी घेणारी, शाळेवर आणि मुलांवर मनापासून जीव असलेली. वेळ घालवायला म्हणून तिच्या बरोबरची मंडळी तिच्यावर खेळातला खटला सुरू करतात, आणि हळूहळू त्याच माणसांचे सभ्य चेहरे गळून पडतात. बेणारे उठून दाराकडे जाते तर दार बाहेरून बंद. हा आवाज तिथून पुढे कसा आटत जातो, ते ज्यांनी पाहिले ते विसरलेले नाहीत.

शेवटी आरोपीला आपले म्हणणे मांडायला दहा सेकंद दिले जातात. काळ थबकतो आणि बेणारे बोलू लागते. ते प्रदीर्घ स्वगत आता प्रत्येक नाट्यशिबिरात कुणी ना कुणी मुलगी म्हणून दाखवते. दिग्दर्शकाने आग्रह धरला म्हणून तेंडुलकरांनी ते लिहिले. स्वगत संपते, दहा सेकंद संपतात, आणि खटल्याच्या हिशेबी ती चकार शब्द बोललेली नसते. हे करायला काय ताकद लागते! पोटातले सगळे ओतायचे आणि दुसऱ्याच क्षणी काहीच न बोललेल्या बाईसारखे बसायचे. स्वगत गाजवणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या, त्यानंतरची शांतता सांभाळणाऱ्या फार थोड्या.

सुदैवाने सत्यदेव दुबे यांनी १९७१मध्ये याच नाटकावर चित्रपट केला आणि बेणारे सुलभाताईंचीच ठेवली. छायाचित्रण गोविंद निहलानींचे होते. अमोल पालेकर पडद्यावर आले तेही या चित्रपटातून. आपल्याकडच्या बहुतेक नटनट्यांची ऐन उमेदीतली नाटके हवेत विरून गेली. सुलभाताईंच्या बेणारेचा निदान हा एवढा पुरावा शिल्लक आहे. त्यांच्यावर लिहिताना या चित्रपटाचा उल्लेखही नसावा, याचे मला वाईट वाटले.

आता प्रश्न येतो की इतकी ताकदीची नायिका पुढे आई, मावशी, सासू, आजी अशा लहान भूमिकांत का दिसली. लेखाचा सूर असा, की त्यांना मोठी संधी मिळालीच नाही. मला हे पटत नाही. त्यांनी आपला वेळ कुठे घातला ते पाहिले की उत्तर मिळते. 'रंगायन' फुटल्यावर १९७१मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी सहकाऱ्यांसह 'आविष्कार' ही नाट्यसंस्था उभी केली. प्रायोगिक नाटकाला तेव्हा हक्काची जागा नव्हती, मोठ्या नाट्यगृहाचे भाडे परवडणारे नव्हते. शेवटी जिथे बाई शिकवत होत्या, त्याच छबिलदास शाळेचे सभागृह १९७४पासून नाटकांसाठी मिळू लागले. अरुण काकडे यांच्यासारखा भक्कम व्यवस्थापक सोबतीला होता. 'आविष्कार'ने ही जागा फक्त आपल्यापुरती ठेवली नाही. दुबे, पालेकर आणि कितीतरी नव्या संस्थांची नाटके तिथे झाली. याच काळात 'पाहिजे जातीचे' या नाटकातून नाना पाटेकर पुढे आले. छबिलदास चळवळ म्हणतात ती ही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती जागा सुटली आणि 'आविष्कार' माहीमच्या महापालिका शाळेत गेली, पण काम थांबले नाही.

ज्यांनी छबिलदास पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. ना उंच रंगमंच, ना मखमली पडदा. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. खुर्च्या मांडायच्या, दिवे टांगायचे, प्रयोग झाला की सगळे उचलायचे, कारण सकाळी पोरे येणार. खाली दादरची गर्दी, फेरीवाल्यांच्या हाका खिडकीतून आत येत. पहिल्या रांगेत बसले की नटाच्या कपाळावरचा घाम दिसायचा, आवंढा गिळलेला दिसायचा. तिथे खोटे चालतच नसे. हातवारे वाढले, आवाज चढला की प्रेक्षकालाच अवघडल्यासारखे होई. मला वाटते, कॅमेऱ्यासमोर सुलभाताईंचे काम इतके सहज का दिसले याचे कारण याच सभागृहात आहे. हातभर अंतरावर बसलेल्या माणसासमोर ज्यांनी वर्षानुवर्षे काम केले, त्यांना क्लोजअपची कसली धास्ती?

चित्रपटांकडे येते. श्याम बेनेगलांचा १९७७चा 'भूमिका' आठवून पाहा. हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर बेतलेल्या या चित्रपटात सुलभाताई नायिका उषाची आई झाल्या आहेत. मुलीने ज्या माणसाशी लग्न करू नये असे तिला वाटते, त्याच्याशीच मुलगी लग्न करते. त्या बाईचा विरोध, तिची भीती, आणि मुलीच्या कमाईवर घर चालते याची लाज, हे सगळे एकाच चेहऱ्यावर दिसते. ही आई काही गोड नाही. प्रेक्षकाने आपल्यावर माया करावी म्हणून सुलभाताई तिला कुठेही मऊ करत नाहीत. सर्वांना आठवते ती 'चौकट राजा'तली आई, वयाने वाढलेल्या पण मनाने लहान राहिलेल्या नंदूची. दिलीप प्रभावळकरांच्या कामाचे त्यात योग्य तेच कौतुक झाले. पण त्या मुलाला जपणारी, दमलेली आणि तरीही न चिडणारी आई समोर नसती, तर नंदूवर इतका विश्वास बसला असता का? तरीही मला विचाराल तर 'भूमिका'तले काम मी वरचे मानते. माया वाटेल अशी आई उभी करणे त्या मानाने सोपे आहे.

उमेश कुलकर्णींच्या 'विहीर'मध्येही त्या आहेत, आणि तिथेही त्या घरातल्याच वाटतात. लहान भूमिकेत येणाऱ्या नटाला एक मोह असतो, मिळालेल्या दोन प्रसंगांत सगळे दाखवून टाकण्याचा. सुलभाताईंना हा मोह कधी पडलेला मला दिसला नाही. समोरचा बोलत असताना त्या ऐकतात. खरोखर ऐकतात, आपल्या वाक्याची वाट पाहत नाहीत. समोरच्या नटाचे काम त्यामुळे चांगले दिसते. 'इंग्लिश विंग्लिश'मध्ये श्रीदेवींच्या बाबतीत हेच घडले आहे.

आणि चंद्रशाळा. माझ्या मते हे त्यांचे सर्वांत मोठे काम, आणि नेमके हेच आपल्या लेखात नाही. 'आविष्कार'चा हा बालविभाग. 'दुर्गा झाली गौरी' हे चंद्रशाळेचे नृत्यनाट्य ऐंशीच्या दशकात आले आणि पुढे मुलांच्या किती तुकड्यांनी ते केले याची गणती नाही. रंगमंचावर मुलांचा भलामोठा ताफा, त्यांचे कपडे, तालमी, परीक्षांच्या वेळा, पालकांच्या शंका, हे सगळे सांभाळून नाटक उभे करायचे. मुलांना नाटक शिकवणे म्हणजे पाठांतर करून घेणे असे अनेकांना वाटते. चंद्रशाळेत मूल आधी रांगेत उभे राहायला शिके, दुसऱ्याचे वाक्य संपेपर्यंत थांबायला शिके. मागच्या ओळीत झाड होऊन उभे राहणेही तितकेच मन लावून करायचे असते, हेही शिके. मोठ्या पडद्यावर दोन मिनिटांची भूमिका तितकेच मन लावून करणाऱ्या बाईकडूनच हे शिकायला मिळणार. त्यातली काही मुले पुढे या व्यवसायात आली, बरीचशी डॉक्टर, बँकेत, परदेशात गेली. आज प्रायोगिक नाटकाला तिकीट काढून येणारा पन्नाशीचा प्रेक्षक विचारून पाहा, त्यात चंद्रशाळेतली मुले सापडतील.

१९८७चे वर्ष त्यांच्यासाठी विचित्र ठरले. वर्षाच्या आरंभीच अरविंद देशपांडे गेले आणि त्याच वर्षीचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार सुलभाताईंना मिळाला. संस्थेचा आधारस्तंभ गेल्यावर संस्था बंद पडणे आपल्याकडे नवे नाही. 'आविष्कार' बंद पडली नाही. काकडेकाका आणि सुलभाताईंनी ती चालवली, अरविंद देशपांडे स्मृती महोत्सव सुरू झाला, नव्या दिग्दर्शकांना जागा मिळत राहिली. चित्रपट आणि मालिकांतली कामे याच्या जोडीने चालू होती. प्रायोगिक नाटकावर कुणाचे घर चालत नाही. पडद्यावरच्या त्या लहान भूमिकांनी एका मोठ्या कामाला हातभार लावला असे मी मानते, आणि म्हणूनच त्यांना संधी हुकलेली नटी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

४ जून २०१६ रोजी सुलभाताई गेल्या. २०१९मध्ये काकडेकाकाही गेले. छबिलदासच्या पहिल्या फळीतली माणसे आता मोजकीच उरली आहेत आणि जी आहेत ती थकली आहेत. म्हणून आपल्याकडे दोन गोष्टी मागते.

चंद्रशाळेत लहानपणी काम केलेल्यांना आपल्या वृत्तपत्राने आवाहन करावे. प्रत्येकाने आपली एक आठवण, घरात असेल तर एखादा फोटो, हस्तपत्रिका किंवा तिकीट पाठवावे. तालीम कशी चाले, बाई रागवत कशा, एखादे मूल अडले तर काय करत, असे तपशील याच लोकांकडे आहेत. ते कोणत्याही पुस्तकात मिळणार नाहीत. ज्येष्ठांच्या मुलाखती तर ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखे नाही.

दुसरे, 'शांतता! कोर्ट चालू आहे' हा चित्रपट मोठ्या पडद्यावर दाखवला जावा यासाठी आपण पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे आणि प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीकडे पाठपुरावा करावा. नाट्यशिबिरांत बेणारेचे स्वगत पाठ करणाऱ्या मुलामुलींना पहिल्या रांगा द्याव्यात. एका वाचकाच्या अर्जापेक्षा वृत्तपत्राच्या शब्दाला वजन असते.

येत्या ४ जूनच्या अंकात या आठवणींसाठी एक पान राखून ठेवाल, अशी आशा करते. माझ्याकडे छबिलदासच्या प्रयोगांची काही हस्तपत्रिका जपून ठेवलेल्या आहेत. त्या आपल्या कार्यालयात आणून द्यायला मी तयार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
गिरगाव, मुंबई