बाबांचं विसरणं

तीर्थस्वरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं कधी पुरं होत नाही. स्पीकर चालू असतो, बाबा शेजारीच बसलेले असतात आणि ऐन मोक्याला आईचा कुकर होतो. म्हणून लिहिते आहे. दोघांनीही वाचा, एकमेकांपासून लपवण्यासारखं यात काही नाही.

आई, तू म्हणालीस की लग्नात कोण कोण भेटलं हे बाबांना सांगता येईना. पण "अहो, ते कराडचे, टोपीवाले" एवढं तू म्हणताच त्यांनी नाव, गाव, मुलाची नोकरी, सगळं घडाघडा सांगितलं. तू हे तक्रार म्हणून सांगितलंस. मला मात्र तेवढ्यानेच पुष्कळ धीर आला.

बाबा, तुमच्या पाटबंधारे खात्याच्या रेकॉर्ड रूमचीच गोष्ट घ्या. रुमालात बांधलेलं कागदपत्र जागेवर असतं, पण कोणत्या वर्षाचा रुमाल सोडायचा हे ठाऊक असलेला माणूस रजेवर गेला की अख्खं ऑफिस अडतं. मेंदूत प्रसंग जपायचं मुख्य काम कानाच्या आतल्या बाजूला खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पसचं. नेमकं काय हवंय ते ठरवून शोधायचं, सापडलेलं बरोबर आहे का ते पडताळायचं, हे काम कपाळामागच्या भागाचं. त्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. वयाबरोबर मेंदूचे जे भाग लवकर आणि जास्त आक्रसतात, त्यांत हा एक. माझ्याकडे प्रयोगाला येणाऱ्या सत्तरीच्या माणसांमध्ये हे रोज दिसतं. शब्दांची यादी आपणहून सांगा म्हटलं की अडतात, तेच शब्द इतर शब्दांत मिसळून दाखवले की बरेचसे ओळखतात.

कागदच, म्हणजे आठवणच, तयार होत नसेल तर काय होतं, तेही माहीत आहे. 1953 साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाच्या फिट्स थांबवण्यासाठी दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर 2008 मध्ये जाईपर्यंत नवा प्रसंग त्याच्या मनात टिकलाच नाही. किती खुणा दिल्या तरी उपयोग नव्हता. कपाळामागे इजा झालेल्यांचं तसं नसतं. त्यांना गोष्ट आठवते, पण ती कोणी सांगितली, आधी काय घडलं आणि मग काय, यात घोटाळा होतो.

आता तुमच्या भूकंपाच्या भांडणाकडे येते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला तेव्हा आपण कराडला मावशीकडे होतो, असं बाबा म्हणतात. आई म्हणते, छे, तिथे मोठे काका होते, हे सांगलीतच होते. कोण खरं ते मला ठाऊक नाही आणि आता ठरवायला कोणी उरलेलंही नाही. पण बाबा खोटं बोलत नाहीत, एवढं नक्की. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि 'हे मी पाहिलं की ऐकलं' याची छाननी त्याच कपाळामागच्या भागाला करावी लागते. काकांकडून इतक्यांदा ऐकलेला प्रसंग स्वतःचा वाटू लागणं चांगल्या तरुण डोक्यांनाही चुकत नाही. (आई, तुझी मुंबईच्या पावसाची गोष्टही दर दिवाळीला थोडी वाढते, पण ते असो.)

कोयना धरण कुठे आहे हे माहीत असणं वेगळं आणि ती पहाट आठवणं वेगळं, हा फरक 1972 मध्ये मानसशास्त्रज्ञ एंडेल टुल्व्हिंग यांनी मांडला. ते मूळचे एस्टोनियाचे, काम केलं इथे टोरोंटोत. पुढे 1994 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्कॅनवरून म्हटलं की प्रसंग साठवताना कपाळामागची डावी बाजू जास्त राबते, आठवताना उजवी. आता चित्र इतकं सरळ राहिलेलं नाही. वय झालेल्या माणसांत तर पुष्कळदा एकाच कामाला दोन्ही बाजू लागतात.

तुमच्या घरात उपयोगी पडेल असं संशोधन 1998 चं आहे. माणसं शब्द किंवा चित्रं पाहत असतानाच त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. जे पुढे लक्षात राहिलं, ते पाहतानाच कपाळामागचा भाग जास्त जागा होता. म्हणजे बाबा बातम्या बघत असताना तू स्वयंपाकघरातून "उद्या गॅसवाला येणार आहे" असं ओरडलीस, तर ते विसरले नाहीत, ते आत गेलंच नाही. टीव्हीचा आवाज बंद करून, समोर बसून सांग. आणि "दुपारी काय जेवलात, सांगा बघू" ही परीक्षा घेणं सोड. त्याऐवजी "ती पातळ भाजी आवडली का?" असं विचार, धागा मिळाला की ते पुढचं सांगतील.

तरीही न्यूरॉलॉजिस्टकडे जायचंच आहे, फोनवरून निदान करणारी मी कोण! अल्झायमर बहुतेक वेळा हिप्पोकॅम्पसच्या आसपास सुरू होतो आणि तिथे खुणा देऊनही फारसं हाती लागत नाही. खूण देऊनही आठवेना, नेहमीच्या रस्त्यावर चुकले, बँकेच्या व्यवहारात गोंधळ झाला, असं काही दिसलं तर तारीख घालून वहीत लिहून ठेव आणि ती वही डॉक्टरांना दाखव. बी-12, थायरॉइड आणि कानांची तपासणी करायला सांगा. बाबा, झोपेची गोळी घेता हे डॉक्टरांना तुम्हीच सांगा. तीही स्मरणावर परिणाम करू शकते, आणि हे आईने डॉक्टरांना सांगितलं तर तुम्ही चिडता.

पुढच्या रविवारी फोन करीन तेव्हा अपॉइंटमेंट कधीची मिळाली ते कळवा. कुकर आधी उतरवून ठेवा.

तुमची,
धाकटी