ब्रूटन पॅरिशच्या नोंदवहीतली माणसं

चि. आशिष,

सप्रेम सलाम.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, विल्यम्सबर्गच्या ब्रूटन पॅरिश चर्चमधली उपासना परकी वाटली नाही म्हणालास, यात नवल ते काय? आपण मूळचे एस.पी.जी.वाले, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या मिशनमधले, 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेलो तरी घराणं अँग्लिकनच. वॉशिंग्टन आणि जेफरसन तिथे यायचे, हे ऐकून आई तर अख्ख्या मंडळीला तुझे फोटो दाखवत सुटली आहे. मला मात्र त्या चर्चची दुसरीच बाजू जास्त महत्त्वाची वाटते.

पॅरिश, म्हणजे एका पाळकाकडचा विभाग, 1674 ची, आताची विटांची क्रुसाकार इमारत 1715 ची. तेव्हा एपिस्कोपल चर्च, म्हणजे अमेरिकेतलं आताचं अँग्लिकन चर्च, नव्हतंच. होतं ते सरकारमान्य चर्च ऑफ इंग्लंड. उपासनेला गैरहजर राहिलं की दंड, आणि पाळकाचा पगार लोकांकडून वसूल केलेल्या तंबाखूत, वर्षाला 16,000 पौंड वजनाचा! (आपल्या पास्टोरेट कमिटीच्या कानावर हे घालू नकोस.) गव्हर्नरला मानाची जागा. तुझ्याच विल्यम अँड मेरी कॉलेजच्या पोरांना वरची गॅलरी. तिच्या कठड्यावर त्यांनी कोरलेली आद्याक्षरं अजून आहेत म्हणे. प्रवचन लांबलं असणार.

आता नोंदवही. तिच्यात गुलामांच्या मुलांचे बाप्तिस्मे शेकड्यांनी आहेत. मुलाचं नाव आणि सोबत मालकाचं. बाप्तिस्मा झाला म्हणून गुलामी सुटत नाही, असा कायदा व्हर्जिनियाने 1667 मध्येच करून ठेवला होता. म्हणजे पाळकाने कपाळावर पाणी घालायचं, ‘ख्रिस्ताचा अवयव’ म्हणायचं, आणि मूल परत मालकाच्या घरी धाडायचं. मला हे वाचून राग आला, अजून जात नाही. त्याच गावातल्या काळ्या ख्रिस्ती लोकांनी 1776 च्या सुमारास आपली वेगळी बाप्टिस्ट मंडळी उभी केली. चांगलं केलं.

पुढे 1779 पर्यंत पाळकांचा सरकारी पगार बंद झाला, 1786 च्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याने उरलीसुरली सरकारमान्यताही गेली, 1802 च्या कायद्याने पॅरिशच्या जमिनीही जप्तीला आल्या. तंबाखू बंद, मग वर्गणीवर चालवा! एकोणिसाव्या शतकात तर आत भिंत घालून इमारतीचे दोन भाग केले होते. 1903 मध्ये गुडविन नावाचे पाळक आले, त्यांनी ती भिंत काढून 1907 पर्यंत चर्चला जुनं रूप दिलं. नंतर याच गुडविननी धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर ज्युनियरना गळ घातली आणि सगळं जुनं गावच नव्याने उभं राहिलं. पाळक असावा तर असा चिवट.

नोंदवहीतली ती नावं उपासनेत कधी वाचतात का, एवढं तिथल्या पाळकांना विचार आणि कळव. थंडी सुरू झाली असेल, कानटोपी घालत जा. आईचा सलाम.

तुझे,
पप्पा