तो फोटो, अण्णा आणि मी

मालवण
रविवार, रात्रीचे साडेअकरा

बाळ्या,

तुझा मेसेज येऊन तीन आठवडे झाले. "पप्या, जानेवारीत गुलमर्गला जातोय, अण्णा पण येतायत, टिप्स दे." एवढंच तर विचारलंस आणि मी वाचून गप्प बसलो. तू म्हणशील भाव खातोय. तसं नाही रे, तीनदा टाईप केलं आणि तीनदा खोडलं, कारण टिप्स द्यायच्या तर खरं सांगावं लागतं आणि खरं मी सुमा सोडून कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून आज कागद घेऊन बसलोय.

तब्येतीचं उरकतो. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर बॉर्डरवर, बाकी मजेत.

झालं काय, परवा अण्णा बाजारात भेटले. पिशवीत बांगडे, आणि मला बघून एकदम खूश. म्हणाले, "पप्या, तुझो तो बर्फातलो फोटो बघलंय. तू थंय वर जावन इलंस, मगे माका काय धाड भरली हा? मी पण एकदम वरपर्यंत जातलंय." मी हसलो बाळ्या. हसून "जावा जावा, काय होवचा नाय" म्हटलं आणि स्कूटर चालू केली. भरडावर पोचेपर्यंत अंगाला घाम सुटला होता. विन्याच्या वेळी धक्क्यावर मी नेमकं हेच वाक्य म्हटलेलं. तुला आठवत नाही असं म्हणू नकोस. अण्णा तेव्हा मला एका शब्दानेही बोलले नव्हते, त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

तर आता त्या फोटोचं ऐक. मागच्या फेब्रुवारीत आम्ही श्रीनगरला दुपारी उतरलो आणि थेट गुलमर्ग गाठलं. म्हणजे आदल्या दिवशी समुद्राला टेकून झोपलेला माणूस दुसऱ्या रात्री 2,650 मीटरवर. आपल्याला उंच म्हणजे आंबोली, ती सातशेच्या आतच. त्यात मी थंडी म्हणून दोन पेग रम मारली. सकाळी डोकं असं ठणकत होतं की काय सांगू, मळमळ, नाश्ता नको. सुमा म्हणाली आज राहूया. मी म्हटलं तिकिटं काढलीत, ऑनलाईन आधीच काढावी लागतात ती, फुकट कशाला घालवायची. गुपचूप एक डोकेदुखीची गोळी घेतली आणि गोंडोलात, म्हणजे वर नेणाऱ्या केबल कारमध्ये बसलो. पहिला टप्पा कोंगडोरी, तीन हजारांच्या वर. तिथेच उतरून परत फिरायला हवं होतं. पण नाही, दांडीवर तू एकशे दहा मोजेपर्यंत पाण्याखाली राहणारा मी, मला दम लागतो होय! (त्यातले वीस तू भरभर मोजायचास हे मला तेव्हाही माहीत होतं.)

दुसरा टप्पा अफरवत डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटर. हवेत ऑक्सिजनचा टक्का तोच 21 असतो, पण दाबच आपल्या मालवणच्या साठ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे छाती भरून श्वास घेतला तरी पोटभर जेवल्यासारखं वाटत नाही. तो फोटो काढला, दात काढून, दोन्ही हात वर. मग सुमाला म्हटलं आता व्हिडिओ काढ, मी पळत येतो. वीस पावलं पळालो असेन. गुडघ्यावर बसलो तो उठताच येईना, आणि उलटी. पांढऱ्याशुभ्र बर्फावर. पाय असे लटपटत होते की जसा होडीतून उतरल्यावर नवखा पर्यटक चालतो. तिथला एक गाईड आला, त्याने काही विचारलंच नाही, दंडाला धरून सरळ खाली जाणाऱ्या केबिनमध्ये बसवलं. म्हणाला, साब, इसका दवा नीचे है. कोंगडोरीपर्यंत आलो तेव्हा निम्मं बरं वाटलं, गुलमर्गला चहा पिऊ शकलो. एवढंच औषध, खाली उतरणं. मी मात्र संध्याकाळी फोटो स्टेटसला टाकला आणि दीडशे लाईक घेतले.

आता तुझ्या अण्णांची अँजिओप्लास्टी मार्चमध्ये दोन वर्षांची होईल ना? मग आधी त्यांच्या हार्टच्या डॉक्टरला विचार. "काश्मीरला जाऊ का" असं मोघम विचारू नकोस, आकडा सांगून विचार, 2,650 ला झोपणार आणि चार हजारला जायचा हट्ट आहे म्हणून. उंचीच्या त्रासावर डायमॉक्स नावाची गोळी लोक सर्रास सांगतात, पण ती लघवी वाढवते, बीपीच्या गोळ्यांबरोबर आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर भानगड, मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नकोस. पहिली रात्र श्रीनगरला काढ, ते सोळाशेच्या आसपास आहे. गुलमर्गला पहिल्या दिवशी नुसतं बसायचं, पाणी प्यायचं, दारू नाही (तुलाही नाही, मला माहितेय तू बॅगेत काय नेतोस). डोकं दुखत असेल तर वर जायचं नाही, विषय संपला. बसल्याजागी धाप, तोल जाणं, असंबद्ध बोलणं, यातलं काही दिसलं तर रात्र असो नाहीतर बर्फ, खाली टंगमर्गला.

अजून एक. रात्री खोली बंद करून कांगडी (निखाऱ्यांची टोपली) नाहीतर बुखारी (तिथली शेगडी) पेटती ठेवून झोपायचं नाही. आम्ही सगळ्या फटींना टॉवेल कोंबलेले, हॉटेलच्या पोऱ्याने येऊन निम्मे काढले आणि शिव्या घातल्या. जळत्या कोळशातून निघणाऱ्या विषारी गॅसला, कार्बन मोनॉक्साईडला, वास नसतो. डोकं त्यानेही दुखतं आणि आपण बसतो उंचीला दोष देत.

बाकी भराभर सांगतो. प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड ने. टंगमर्गच्या पुढे बर्फ पडला की चाकांना साखळ्या लावलेली गाडी लागते, ड्रायव्हरशी हुज्जत घालू नकोस, तुझी सवय आहे. जीन्स घालू नकोस, भिजली की सुकत नाही, आतून थर्मल, मध्ये लोकर, वर पाणी न शिरणारं. काळा चष्मा अण्णांनाही, बर्फावरून ऊन डोळ्यात उलटं येतं. फोन आतल्या खिशात, थंडीत बॅटरी बसते. आणि चालायचं कसं ते आपल्याला शिकवायला नको, श्रावणात शेवाळलेल्या पाणंदीतून चालतो तसं, आखूड पावलं, गुडघे सैल, हात खिशाबाहेर. लहानपणी अण्णांनीच ओरडून ओरडून शिकवलंय ते.

स्कीइंग तुला करायचं असेल तर खाली गोल्फच्या मैदानाकडच्या उतारावर, मास्तर घेऊन. वर गोरे लोक दोरीपलीकडे जातात त्यांच्या मागे जाऊ नकोस. 2023 च्या 1 फेब्रुवारीला तिथेच अफरवतवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, पुढच्या वर्षी एक रशियन. ती सगळी बर्फ कोळून प्यायलेली माणसं. तू 2009 च्या फायनलला तीन यार्ड पळताना पडलास आणि मला रनआऊट केलंस.

प्रमोशनचं अभिनंदन. वहिनींची बदली झाली का ठाण्याला? चिन्मयच्या दहावीचं टेन्शन घेऊ नकोस, आपण काय दिवे लावले होते. पार्टी मे महिन्यात, हापूस मी देईन, बाकी तू.

मला स्वतःहून अण्णांना सांगायचं धाडस होत नाही बघ. समोर गेलो की परत हसून "जावा" म्हणेन. म्हणून तू एक कर, हे पत्र त्यांना वाचून दाखव. उलटीचा भागही वाच. कोंगडोरीला ने त्यांना डॉक्टर हो म्हणाला तर, तिथून बर्फ भरपूर दिसतो, फोटोही तिथलाच काढ, कुणाला कळतंय.

फक्त रमचं तेवढं गाळ.

तुझा,
पप्या